मंदी आली की परदेशातल्या कामगाराचं आधी काय जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जगात आर्थिक संकट आलं की त्याची झळ नोकऱ्यांपर्यंत कशी पोचते, स्थलांतरित कामगारांनाच ती जास्त का बसते, आणि काम गेल्यावर हे लोक सरळ आपल्या देशी का परतत नाहीत? थकलेले पगार आणि परत पाठवणी यांच्या तक्रारी हाताळण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून उत्तर त्या बाजूने देतो. पुस्तकात मंदीची सुरुवात मागणी घटण्यापासून होते. कामगारांच्या कॅम्पात, म्हणजे कंपनीने दिलेल्या राहण्याच्या वसाहतीत, ती ओव्हरटाइम बंद होण्यापासून होते.

हा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी ओव्हरटाइम जातो. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण बेसिक पगारात स्वतःचं खाणं, फोन आणि कर्जाचा हप्ता भागवायचा आणि ओव्हरटाइमचे पैसे घरी पाठवायचे, असा अनेकांचा हिशेब असतो. म्हणजे नोकरी शाबूत असतानाच घरी जाणारी रक्कम अर्ध्यावर येते. मग पगाराची तारीख सरकू लागते. एक तारखेचा पगार पंधराला, पुढे महिन्याआड. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘क्लायंटचं पेमेंट अडकलंय.’ आणि बरेचदा ते खरंही असतं. मोठ्या बांधकामात मालक, मुख्य कंत्राटदार, पोटकंत्राटदार आणि शेवटी माणसं पुरवणारी कंपनी अशी उतरंड असते. वरच्याने हात आखडता घेतला की प्रत्येक पायरीवर थोडे पैसे अडकतात आणि सगळ्यात खालच्याकडे काहीच उरत नाही. त्यानंतर रहिवासी कार्डाचं नूतनीकरण रखडतं, कारण त्याची फी कंपनीने भरायची असते. आणि मग येते ‘लांब सुट्टी’. तिकीट हातात ठेवतात आणि सांगतात, काम आलं की बोलावू.

यातला एकही टप्पा बेरोजगारीच्या आकड्यात दिसत नाही. सुट्टीवर घरी बसलेला कामगार तिकडे कंपनीच्या पटावर असतो, इकडे परदेशी नोकरदार म्हणून मोजला जातो. त्यामुळे सरकारी आकडे हलायला लागेपर्यंत कॅम्प अर्धा रिकामा झालेला असतो. पुढे बाजार सावरला तरी नोकऱ्या मागाहून येतात. अमेरिकेतली मंदी अधिकृतपणे जून २००९ मध्ये संपली, पण बेरोजगारीने १० टक्क्यांचा कळस गाठला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.

संकट एका देशातून दुसऱ्या देशात पोचण्याच्या वाटा फार नाहीत: कर्ज, व्यापार, तेल आणि चलन. २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली तेव्हा आधी कर्ज आटलं, पाठोपाठ व्यापार. २००९ मध्ये जागतिक व्यापार सुमारे १२ टक्क्यांनी आकसला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जपानची निर्यात वर्षभरापूर्वीच्या जवळपास निम्म्यावर आली. जपानच्या मोटार कारखान्यांच्या पट्ट्यात ब्राझीलहून आलेले जपानी वंशाचे कामगार होते, बहुतेक कंत्राटदारामार्फत लागलेले, आणि पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडली. चीनमध्ये तर सीमा ओलांडायचीही गरज पडली नाही. खेड्यातून किनाऱ्यावरच्या कारखान्यांत गेलेल्या सुमारे दोन कोटी कामगारांचं काम गेल्याचं तिथल्या सरकारी अधिकाऱ्यांनीच २००९ च्या सुरुवातीला सांगितलं.

२०१४ ची गोष्ट निराळी होती. तेलाचा भाव शंभर डॉलरवरून काही महिन्यांत पन्नासच्या खाली आला. आखाती देशांत सरकारी प्रकल्पांची बिलं थकली आणि २०१६ च्या उन्हाळ्यात सौदीत हजारो कामगार महिनोन्महिने बिनपगारी अडकून पडले. त्याच तेलामुळे रशियात रुबल घसरला. तिथे काम करणाऱ्या ताजिक कामगारांचा पगार रुबलमध्ये तेवढाच राहिला, पण डॉलरच्या हिशेबात निम्म्याच्या आसपास आला. ताजिकिस्तानात तेव्हा बाहेरून येणारा पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून अधिक होता. ज्यांची नोकरी टिकली त्यांच्याही घरात मंदी आली, ती अशी.

आता, स्थलांतरितांनाच जास्त झळ का? पहिलं कारण साधं आहे. ते ज्या धंद्यांत असतात तेच धंदे आधी कोसळतात. स्पेनमध्ये २००७ च्या सुमारास दर आठ नोकऱ्यांमागे एक बांधकामात होती आणि मोरोक्को, इक्वेडोर, रुमानिया इथून आलेले पुरुष मोठ्या प्रमाणावर तिथेच होते. घरांचा फुगा फुटला आणि देशाची बेरोजगारी आठ टक्क्यांच्या आसपासवरून २०१३ पर्यंत २६ टक्क्यांवर गेली. परदेशी कामगारांत ती ३५ टक्क्यांच्याही पुढे होती. भेदभाव असतोच, मी तो नाकारत नाही. पण निम्मं उत्तर कुठलं काम आणि कसलं कंत्राट यातच मिळतं. हंगामी कंत्राट असलेल्याला काढायला नोटीस फारशी लागत नाही, भरपाई फारशी लागत नाही, युनियन सहसा आड येत नाही. मालक आधी तिथेच हात घालतो.

मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण. स्थानिक माणसाची नोकरी गेली की त्याचा पगार जातो. स्थलांतरिताची नोकरी गेली की तिला बांधलेलं सगळं एका दमात जातं. राहण्याची परवानगी त्याच मालकाच्या नावावर, खोली त्याच कंपनीची, दवाखान्याचं कार्ड तिचंच, आणि परतीचं तिकीटही तिनेच काढायचं. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या व्हिसावर, असलेल्या इंजिनिअरला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, नाहीतर मुलांची शाळा अर्ध्यावर सोडून निघायचं. कफाला पद्धतीच्या, म्हणजे कामगाराचा व्हिसा एका मालकाच्या हमीला बांधणाऱ्या, देशांत मजुराला वर्षानुवर्षं एवढीही सवलत नव्हती. मालक बदलायचा तर जुन्या मालकाची परवानगी लागायची, आणि ज्याने सहा महिने पगार दिला नाही त्याच्याच सहीसाठी त्याच्याच दारात उभं राहावं लागायचं. कतारने ही अट २०२० मध्ये कायद्यातून काढली. अंमलबजावणीबद्दल बोलायला बरंच आहे, पण कायद्यातून ती गेली हे चांगलंच झालं.

यात कर्जाची भर घाला, म्हणजे चित्र पुरं होतं. बांगलादेशच्या सरकारी सांख्यिकी खात्याने २०२० मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. परदेशी जायला लागलेला खर्च फेडायला सरासरी सतरा महिन्यांहून अधिक कमाई लागते, असं तीत दिसलं. दोन वर्षांच्या कंत्राटातले पहिले सतरा महिने एजंटचे आणि सावकाराचे. अशा माणसाला दहाव्या महिन्यात परत पाठवलं तर तो नुसता बेरोजगार होत नाही. गेला तेव्हा होता त्याहून गरीब होऊन तो परततो.

म्हणूनच ‘परत का जात नाहीत’ या प्रश्नाला लोक देतात ते उत्तर मला पटत नाही. लोकांना वाटतं तिकडची चैन सुटत नाही. प्रत्यक्षात हिशेब परतीच्या वाटेचा असतो. पुन्हा येता येईल याची खात्री असेल तर माणूस सहज जातो. ती नसेल तर उपाशी राहील, पण जागा सोडणार नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पश्चिम जर्मनीने त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला परदेशी कामगारांची भरती थांबवली. अपेक्षा अशी की असलेले हळूहळू निघून जातील. काम करणारे परदेशी कमी झाले खरे, साधारण २६ लाखांवरून १९८० पर्यंत २१ लाखांच्या आसपास. पण परदेशी रहिवाशांची एकूण संख्या चाळीस लाखांच्या घरातून वाढून पंचेचाळीस लाखांच्या जवळ गेली. दार एकदा बंद झालं की पुन्हा उघडणार नाही हे तुर्की कामगारांनी ओळखलं आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. तात्पुरते आलेले लोक कायमचे झाले, ते भरतीबंदीमुळे.

२००८ नंतर हाच प्रयोग पुन्हा झाला. आयर्लंडमधून पोलिश कामगार मोठ्या संख्येने निघाले, कारण युरोपीय संघाचे नागरिक म्हणून ते कधीही परत येऊ शकत होते. अमेरिकेतल्या कागदपत्रं नसलेल्या मेक्सिकनांना तशी सोय नव्हती. तिकडे नव्याने येणाऱ्यांची संख्या आटली, पण असलेले बहुतेक जागचे हलले नाहीत. स्पेनने २००८ च्या शेवटी योजना काढली: बेकारी भत्ता एकरकमी घ्या, ४० टक्के इथे आणि ६० टक्के मायदेशी पोचल्यावर, आणि त्या बदल्यात परवाना परत करा, तीन वर्षं येऊ नका. अपेक्षेच्या मानाने फार थोडे पुढे आले. मोरोक्कोच्या लोकांनी तर जवळजवळ पाठच फिरवली. जपानने ब्राझीलच्या कामगारांना माणशी तीन लाख येन आणि कुटुंबातल्या प्रत्येकामागे दोन लाख येन देऊ केले. जपानी वंशामुळे मिळालेला व्हिसा मात्र त्या बदल्यात गमवावा लागणार होता. सुमारे वीस हजार लोक त्या योजनेतून गेले आणि त्याहून बरेच जास्त स्वतःच्या पैशाने, व्हिसा हातात ठेवून गेले. पैसे नाकारून तिकीट स्वतः काढणाऱ्यांनी कशाची किंमत किती धरली होती, ते यातून कळतं. २०१३ मध्ये जपानने पैसे घेऊन गेलेल्यांनाही, नोकरीचा करार हातात असेल तर, पुन्हा येऊ दिलं. कामाला माणसं लागत होती.

अशी माणसं लागतातच. ‘परके गेले की आपल्याला काम मिळेल’ हे मंदीतलं सगळ्यात लोकप्रिय भाषण. १९३० च्या दशकात अमेरिकेने काही लाख मेक्सिकन वंशाच्या लोकांना बाहेर काढलं, त्यांत तिथेच जन्मलेले अमेरिकन नागरिकही पुष्कळ होते. ज्या शहरांतून जास्त लोक गेले तिथे स्थानिकांचा रोजगार वाढला का, याचा अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब केला. वाढ दिसली नाही. १९९७ च्या आशियाई संकटानंतर थायलंडने म्यानमारच्या कामगारांना हाकलायला सुरुवात केली. भातगिरण्यांचे मालकच ओरडू लागले, कारण पोती वाहायला थाई माणूस येईना, आणि सरकारला सवलत द्यावी लागली. २०२० च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बहुतेक सीमा बंद असताना जर्मनीने शतावरीच्या (ॲस्परॅगस या भाजीच्या) काढणीसाठी पूर्व युरोपातून, मुख्यतः रुमानियातून, विमानांनी मजूर आणले. महिन्याला चाळीस हजारांपर्यंत परवानगी होती. बेकार झालेला वेटर किंवा बँकेतला कारकून दुसऱ्या दिवशी वाकून शेतात उतरत नाही, मग तो कुठल्याही देशाचा असो.

कोविडच्या संकटाची जात वेगळी होती, त्याबद्दल थोडं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगभरात ८.८ टक्के कामाचे तास बुडाले. म्हणजे साडेपंचवीस कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांएवढं काम. २००८ मध्ये पुरुषांची बांधकामं बंद पडली होती आणि घरकाम, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या बायकांचं काम बरंचसं टिकलं होतं. स्पेनमध्ये कित्येक स्थलांतरित घरं त्या बायकांच्या कमाईवर चालली. २०२० मध्ये उलट झालं. घरकाम, हॉटेलं, दुकानं आधी बंद पडली. मालकाच्या घरात राहणाऱ्या बाईला तर कामावरून काढणं आणि रस्त्यावर आणणं एकच. भारतात देशातल्या देशात एक कोटीहून अधिक मजूर घरी परतले. त्यांना व्हिसा लागत नव्हता, तरी शहरातली खोली, रेशन आणि मजुरी एकदम सुटली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. नोकरीला बाकीचं सगळं बांधलेलं असेल तर देशाची सीमा मध्ये नसतानाही तेच होतं.

घरी येणाऱ्या पैशांबाबत मात्र अंदाज सपशेल चुकले. जागतिक बँकेने एप्रिल २०२० मध्ये सांगितलं की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांकडे येणारा पैसा २० टक्क्यांनी घटेल. वर्षअखेर घट दोन टक्क्यांच्याही आत भरली. मेक्सिको, पाकिस्तान, बांगलादेश यांच्याकडे तर तो वाढला. यामागे श्रीमंत देशांनी वाटलेली मदत होती, आणि हुंडीच्या, म्हणजे बँकेबाहेरून पैसे पाठवण्याच्या, वाटा बंद झाल्याने बँकेतून गेलेला पैसाही होता. पण मला त्यातलं तिसरं कारण कायम खटकतं. परतणारे लोक शिल्लक सोबत आणत होते आणि न परतणारे स्वतःचं खाणं कमी करून पाठवत होते. घरच्यांना रक्कम तीच दिसते, म्हणून तिकडे सगळं ठीक आहे असं वाटतं. पैसे येताहेत एवढ्यावरून माणसाची हालत जोखू नका.

आता ज्यावर सगळ्यात जास्त विचारणा होते ते: काम सुटताना काय करावं. विमानाच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात बोलावतात. टेबलावर एक कागद, बहुतेक अरबीत किंवा इंग्रजीत, वर ‘फायनल सेटलमेंट’. खाली एक ओळ असते की माझं सर्व येणं मिळालं, यापुढे कंपनीकडे माझी कसलीही मागणी नाही. सही केली तर पासपोर्ट आणि तिकीट, नाही केली तर ‘मग बसा इथेच’. चार महिन्यांचा पगार बाकी असतो, हातात अर्ध्या महिन्याची रोकड. बहुतेक जण सही करतात आणि मी त्यांना दोष देत नाही. पण ती एक ओळ पुढचा सगळा दावा मारते. रक्कम प्रत्यक्षात मिळाली नसेल तर सहीशेजारी आपल्या लिपीत का होईना, ‘एवढेच मिळाले, इतक्या महिन्यांचा पगार बाकी’ असं तारखेसकट लिहा आणि कागदाचा फोटो काढा. फोटो काढू देत नसतील तर बाहेर पडल्याबरोबर साक्षीदारासमोर सगळं लिहून काढा.

त्या कागदावर ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेचा, आकडाही तपासायचा असतो. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा आणि त्यापुढे ३० दिवसांचा पगार, तोही बेसिकवर. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा, पुढे पूर्ण महिन्याचा. बेसिक कमी आणि भत्ते जास्त असं कंत्राट कंपन्या का करतात, याचं एक उत्तर या हिशेबात आहे. आणि ओव्हरटाइमचा दर साधारणपणे बेसिकवरून निघतो, तिथेही तोच चटका.

तक्रार तिथे असतानाच नोंदवा. मायदेशी आल्यावर दावा चालवता येतो, पण त्यासाठी तिकडे कोणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागतं, आणि ते निघण्याआधी दूतावासात करून घेणं खूप सोपं पडतं. मुदतीकडे लक्ष ठेवा. अनेक देशांत ती नोकरी सुटल्यापासून एक-दोन वर्षांचीच असते. कंत्राटाची प्रत, पगाराच्या स्लिपा, हजेरीचे फोटो, बँकेचं स्टेटमेंट हे सगळं मालकाच्या फोनमध्ये किंवा कंपनीच्या ईमेलवर नको, स्वतःकडे हवं. पगार बँकेतून घ्या. अमिरातीत २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची सक्ती आली. तिचा खरा फायदा पगार वेळेवर होण्यापेक्षा, न झालेला पगार सिद्ध करता येण्यात आहे. कतारमध्ये बुडीत मालकाच्या कामगारांसाठी २०१८ पासून कायद्याने निधी आहे. अमिरातीत २०२३ पासून बेकारी विमा सक्तीचा आहे, परदेशी कामगारांनाही, पण घरकामगार त्यातून वगळलेले आहेत. ज्यांना सर्वात जास्त गरज तेच बाहेर, हे या क्षेत्रात नवीन नाही.

राहिला प्रश्न मंदीच्या काळात नव्याने जावं का, याचा. सरसकट नको म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मायदेशात चलन कोसळलेलं असेल तर बाहेरची कमाई उलट मोलाची ठरते. १९९८ मध्ये इंडोनेशियाचं चलन रुपिया गडगडलं तेव्हा मलेशियात जायला उत्सुक असलेले इंडोनेशियन वाढले, ते याच हिशेबाने. पण कर्ज काढून, मोठी फी भरून आणि बांधकामात, या तीन गोष्टी एकत्र येत असतील तर थांबा. रुग्णसेवा, देखभाल, अन्नप्रक्रिया, सफाई ही कामं सहसा उशिरा तुटतात. आणि एजंटला विचारण्याआधी त्या कंपनीत आत्ता काम करणारा कोणीतरी गाठा. त्याला पगार किती हे विचारू नका. मागचे तीन पगार कोणत्या तारखेला झाले आणि ओव्हरटाइम चालू आहे का, एवढंच विचारा.